इतिहासाचा शिक्षक घडवताना : आधी ‘कशावरून?’, मग टाचण

बी.एड. कॉलेजात इतिहास पद्धती, म्हणजे शाळेत इतिहास कसा शिकवायचा हा विषय, शिकवायला नव्यानं लागलेल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका अध्यापक महाविद्यालयात मी हीच पद्धती शिकवत आले, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इकडचीच येतील. तुम्ही नागपूरला किंवा नांदेडला असाल तर तिकडची घ्या, ती शोधण्याची रीत तीच आहे.

रुजू झाल्यावर हातात अभ्यासक्रमाची पुस्तिका पडते. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्यापन सूत्रं, पद्धती, तंत्रं, मूल्यमापन असं सगळं त्यात ओळीनं असतं. समोर बसलेल्यांच्या डोक्यात इतिहास म्हणजे काय आहे, हे मात्र त्यात नसतं आणि सुरुवात तिथूनच करावी लागते. त्यातले कितीतरी जण बी.ए.ला मराठी किंवा राज्यशास्त्र करून आलेले असतात. पहिली पद्धती मराठी, मग जोडीला दुसरी काय, तर इतिहास. इतिहास विशेष विषय घेतलेल्यांनीही जुना अस्सल कागद सहसा पाहिलेला नसतो. गाईड वाचून पदवी मिळते, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे.

माझं म्हणणं एकच आहे. ज्यानं एकदाही स्वतः साधन हातात घेऊन त्यावरून काही ठरवलेलं नाही, त्याला कितीही नेटकं टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, लिहायला शिकवा, वर्गात तो पाठ्यपुस्तकच वाचून दाखवणार. आपली आठवी, नववीची पाठ्यपुस्तकं ‘इतिहासाची साधने’ या पाठानं सुरू होतात आणि दहावीचं इतिहासलेखनाच्या परंपरांनी. पुस्तक करणाऱ्यांनी दार उघडून ठेवलंय. आपले छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, मात्र तो पाठ भौतिक, लिखित, मौखिक असा तक्ता काढून एका तासात संपवतात. म्हणून पहिले काही आठवडे टाचणवहीला हात लावू देऊ नका. आधी त्यांच्याकडून इतिहास करून घ्या.

सिंहगडापासून सुरुवात करा

पहिल्याच तासाला कोरे कागद वाटा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर काय झालं, ते प्रत्येकानं आठवेल तसं लिहायचं. एका ओळीत एकच गोष्ट, आणि ओळीसमोर थोडी जागा मोकळी. भराभर लिहितात. घोरपड येते, रायबाचं लग्न येतं, ‘गड आला पण सिंह गेला’ तर प्रत्येकाच्या कागदावर असतं. लिहून झालं की सांगायचं, आता मोकळ्या जागेत लिहा, हे तुम्हाला कशावरून माहीत? वर्ग गप्प होतो. मग कोणी ‘चौथीच्या पुस्तकात होतं’ लिहितं, कोणी ‘आजोबांनी सांगितलं’, कोणी सिनेमाचं नाव लिहितं. सगळं ठेवा, काही खोडू नका.

मग दोन उतारे द्या. पहिला सभासद बखरीतला. कृष्णाजी अनंत सभासदानं ही बखर जिंजीला, छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास लिहिली. म्हणजे लढाईनंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी, पण महाराजांचा काळ पाहिलेल्या माणसानं. दुसरा उतारा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातला. दोन-दोनच्या गटांत तीन रकाने करायला लावा : दोन्हींत आहे, एकातच आहे, कशातच सापडत नाही.

घोरपड पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत नाही. तिथं मावळे वानरासारखे कडा चढून गेले, असं आहे. महाराजांच्या तोंडचं वाक्य सभासद देतो ते असं : ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ हे वाचताना वर्गात नेहमी कोणीतरी मान वर करतं. काहींना वाईटही वाटतं, लहानपणापासून जपलेल्या गोष्टीला धक्का लागला म्हणून. ते वाईट वाटणं आपण मनापासून समजून घ्यायचं. ‘हे खोटं आहे’ असा शब्द तोंडातून काढायचा नाही. विचारायचं ते एवढंच की, हे कुठून आलं, कोणासाठी सांगितलं गेलं आणि कधी. शाहीर भरल्या सभेपुढं गात होता, सभासद आपल्या राजासाठी त्याच्या वडिलांचं चरित्र लिहीत होता. दोघांची गरज वेगळी, म्हणून मांडणी वेगळी.

आणि पहिला रकाना काय सांगतो, ते शेवटी मोठ्यानं वाचून घ्या. रात्रीची वेळ, निवडक मावळे, अवघड कडा, तानाजी आणि उदयभान यांची गाठ, दोघांचंही पडणं. तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम दोन्ही साधनांत ठाम उभा आहे. पुराव्याकडं गेलं की आदर कमी होतो, अशी एक भीती छात्राध्यापकांच्या मनात असते आणि पालकांच्या मनात तर असतेच. हा रकाना भरल्यावर ती बरीच ओसरते. मला हा तास सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याला दोन तास लागले तरी घाई करू नका.

याच आठवड्यात शकाचं गणित करून घ्या. शिवजन्माच्या दोन तारखांवरून महाराष्ट्रात किती वर्षं वाद चालला! बखरींच्या आधारानं एप्रिल १६२७ धरत असत. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे तिथीवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ असं निघालं. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी आहे. आता छात्राध्यापकांना १५५१ चा इसवी सन काढायला सांगा. बहुतेक जण ७८ मिळवून १६२९ लिहितात. मग फाल्गुन महिना इंग्रजी कॅलेंडरात कुठं येतो ते विचारा. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, फाल्गुन येईपर्यंत जानेवारी उलटून गेलेला असतो, म्हणून ७९ मिळवायचे, आणि येतं १९ फेब्रुवारी १६३०. स्वतः ही बेरीज केलेला शिक्षक सातवीच्या वर्गात सन नुसता फळ्यावर लिहून पुढं जात नाही.

एका तासाला एक प्रश्न

आता टाचणवही उघडा. छापील नमुन्यात उद्दिष्टांचे रकाने असतात, ते भरावेच लागतात, विद्यापीठाचे गुण त्यावर असतात. पण ते भरण्याआधी प्रत्येकाकडून वहीच्या वरच्या समासात एक वाक्य लिहून घ्या : या पस्तीस मिनिटांत मुलं कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधणार आहेत? प्रश्न लिहिता येईना तर टाचण परत पाठवा. ‘सविनय कायदेभंग चळवळीची माहिती देणे’ हा प्रश्न नव्हे.

आठवीचा हाच घटक घेऊन करून दाखवते. छात्राध्यापकाचा पहिला पाठ साधारण असा असतो. प्रस्तावनेत ‘आपल्या राष्ट्रपित्याचं नाव काय?’ पासून चार प्रश्न, मग ‘तर मुलांनो, आज आपण सविनय कायदेभंग या घटकाचा अभ्यास करणार आहोत’ हे हेतुकथन, मग दांडी, धारासना, सोलापूर, बाबू गेनू अशी भरधाव गाडी, आणि शेवटी गृहपाठ. एवढं सगळं सांगितल्यावर मुलांकडं काही उरत नाही.

त्याऐवजी समासात लिहायचं : मिठासाठीच का? आणि समुद्र नव्हता तिथल्या लोकांनी काय केलं?

सुरुवात २ मार्च १९३० च्या पत्रापासून करायची. गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलं की, गरिबाच्या बाजूनं पाहिलं तर मिठावरचा कर हा सगळ्यांत अन्यायाचा कर आहे. त्याच पत्रात आकडे आहेत. व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० च्या वर, आणि हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांपेक्षा कमी. फळ्यावर एवढंच लिहून मुलांना गणित घालायचं. रुपयाचे सोळा आणे, मग ७०० रुपयांत दोन-दोन आणे किती वेळा? आठवीची मुलं करतात, ५६०० येतं. इतिहासाच्या तासाला वहीत भागाकार पाहून काही निरीक्षक दचकतील, दचकू द्या. उत्तर आल्यावर वर्गात जी कुजबुज होते, तिथून पुढं मीठ का, हे मुलंच सांगू लागतात. मीठ सगळ्यांना लागतं, श्रीमंताला आणि गरिबाला जवळपास सारखंच लागतं, हे त्यांच्या घरातलंच आहे.

मग नकाशा. साबरमतीहून १२ मार्चला निघाले, बरोबर ७८ जण, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ६ एप्रिलला दांडीला कायदा मोडला. एवढं दोन मिनिटांत. त्यानंतर बोट साताऱ्यावर ठेवायचं आणि थांबायचं. इथं समुद्र नाही. मग इथल्या माणसानं कोणता कायदा मोडायचा?

हा प्रश्न विचारल्यावर छात्राध्यापकानं गप्प राहायला हवं, आणि तेच त्याला जमत नाही. शांतता पसरली की त्याला वाटतं पाठ फसला, मार्गदर्शक मागं बसून गुण कापतायत, आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. म्हणून सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव-पाठांत, प्रश्न कौशल्याचा सराव घेताना मी थांबण्याचाही सराव घेते. प्रश्न विचारून झाला की मनातल्या मनात सावकाश दहा मोजायचे, मग एका मुलाचं उत्तर, त्यावर लगेच ‘शाब्बास’ नाही की ‘चूक’ नाही, तर दुसऱ्याला विचारायचं, तुला काय वाटतं? सोबत्यांसमोर पाच मिनिटांच्या सूक्ष्म पाठात हे जमलं की खऱ्या वर्गात धीर येतो.

मुलांची उत्तरं येतात : उपास केला असेल, कोकणातून मीठ आणून वाटलं असेल, सारा भरला नसेल. सगळी उत्तरं विचार करून दिलेली असतात. डोंगराकडच्या वाडीवरचं एखादं मूल म्हणतं, ‘जंगलात गेले असतील.’ असं कुणीच म्हणालं नाही तर शिक्षकानं विचारावं, गुरं चारायला नेता तिथं कधी कुणी अडवतं का? तिथून जंगल सत्याग्रहावर यायचं. सरकारनं राखीव केलेल्या रानात गवत कापायला, लाकूड तोडायला, गुरं चारायला बंदी होती, लोकांनी जाऊन ती मोडली. शिराळा तालुक्यातलं बिळाशी, उत्तरेला संगमनेर आणि कळवण, विदर्भात पुसद, जिथं लोकनायक बापूजी अणे पुढं होते. आणि रायगड जिल्ह्यातलं चिरनेर, तिथं २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला. चिरनेर तर समुद्रापासून फार लांब नाही, तरी तिथंही जंगलच का? हा प्रश्न गृहपाठाला द्यायचा. त्याचं उत्तर पुस्तकात आयतं मिळत नाही, घरी विचारावं लागतं, विचार करावा लागतो.

बाबू गेनू आणि सोलापूर या तासात आले नाहीत, ते पुढच्या तासाला. छात्राध्यापक हमखास म्हणतात, ‘मॅडम, पोर्शन राहील.’ शाळेतले मुख्याध्यापकही म्हणतात. त्यासाठी घटकाचं आशय विश्लेषण करतानाच ठरवून घ्यायचं की, कोणता भाग खोलात जाऊन करायचा आणि कोणता तक्त्यानं, कालरेषेनं, मुलांच्या वाचनानं उरकायचा. सगळंच खोलात जाऊन करता येत नाही, आणि निवड करायची ती शिक्षकानं.

गोष्ट सांगू द्या

हल्ली कथन पद्धतीला नावं ठेवण्याची रीत पडली आहे. मला ते पटत नाही. कीर्तन आणि पोवाडा ऐकत वाढलेला हा मुलूख आहे. ज्याला आवाज आहे, तो आग्र्याहून सुटका सांगायला लागला की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा हलत नाही. हे बळ काढून घेऊ नका. फक्त एक सवय लावा : गोष्ट जिथं साधनाच्या पलीकडं जाते, तिथं शिक्षकानं सुरात तसं सांगायचं. ‘इथं काय बोलणं झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मला असं वाटतं की...’ एवढं वाक्य पुरतं. मुलांचा रस जात नाही. उलट कुणीतरी विचारतं, मग लिहून काय ठेवलंय? सिनेमात वेगळं दाखवलंय, असं मूल म्हणालं तरी हेच करायचं. चिडायचं नाही, मुलाला गप्प बसवायचं नाही. दहावीच्या पुस्तकात मनोरंजनाची माध्यमं आणि इतिहास असा पाठच आहे, त्या तासासाठी तो प्रश्न वहीत टिपून ठेवायला सांगायचं.

गावात काय आहे ते आधी बघा

सहल म्हटलं की अजिंठा-वेरूळ. जरूर न्या. पण छात्राध्यापकाची नेमणूक होईल एखाद्या खेड्यातल्या हायस्कुलात, तिथून अजिंठ्याला दर वर्षी जाता येणार नाही. देवळामागं शेंदूर फासलेला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, मात्र असेल. वाई तालुक्यातल्या किकलीला आम्ही मुद्दाम नेतो, तिथं वीरगळ एकत्र पाहायला मिळतात. वीरगळ खालून वर वाचायचा, हे आधी सांगू नका. कागद-पेन्सिल देऊन चित्र काढायला बसवा. चित्र काढता काढता दिसायला लागतं : खाली लढाई, कधी त्यात गुरं, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि टोकाला चंद्र-सूर्य. गुरं का? कुणासाठी मेला हा माणूस? राजासाठी की गावच्या जनावरांसाठी? नाव बहुतेक दगडांवर कोरलेलं नसतं. नाव नसलेल्या माणसाचाही इतिहास असतो, हे तिथं उन्हात बसून जसं कळतं तसं व्याख्यानातून कळत नाही. दगडावर खडू, पीठ, तेल काही लावायचं नाही, हे निघण्याआधीच बजावून सांगा.

दुसरं साधन शाळेतच, मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर. प्रवेशाची तारीख, जन्मतारीख, पालकाचा धंदा, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कॉलेजचं पत्र देऊन रीतसर परवानगी घ्या. नावं आणि जाती उतरवून घ्यायच्या नाहीत, यात तडजोड नको. त्या नोंदी लोकांच्या खासगी आहेत आणि गावात त्यांची नातवंडं त्याच वर्गात बसलेली असतात. उतरवायचं ते वर्ष, मुलगा की मुलगी, वय, इयत्ता, धंदा, सोडण्याचं कारण. दहा-दहा वर्षांचे तक्ते करा. मुली पहिल्यांदा कधी आल्या? कितवीत गळत होत्या? १९७२ च्या दुष्काळात नोंदींत काही फरक दिसतो का? पाटण तालुक्यात असाल तर कोयना धरण आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप यांच्या आसपासची वर्षं पाहा. काही शाळांत काहीच ठळक दिसत नाही. तेही लिहायला लावा. साधन गप्प असेल तर आपण त्याच्या तोंडी उत्तर घालायचं नाही.

एक-दोघांना तरी मोडी शिकायला पाठवा. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. सगळ्यांना जमेल असं नाही, पण ज्याला जमेल तो गावातल्या जुन्या दप्तरातला कागद मुलांसमोर वाचून दाखवू शकेल. तो तास मुलं विसरणार नाहीत.

तोंडी इतिहासाबद्दल आमच्या भागातला एक धडा सांगते. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जुन्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. लोकन्यायालयं चालली, सावकारीला आळा बसला, तुफान सेना उभी राहिली. ज्यांनी ते पाहिलं अशी माणसं आता जवळजवळ राहिली नाहीत. छात्राध्यापक मुलांना ‘आजोबांना विचारून या’ सांगतात, पण आजच्या मुलांचे आजोबा त्या वेळी जन्मलेलेच नव्हते. ते सांगतात ते त्यांनी ऐकलेलं. तेही मोलाचं आहे, फक्त वहीत दोन वेगळ्या खुणा करायच्या : पाहिलेलं आणि ऐकलेलं. आणि जे स्वतः पाहिलंय त्यावर आजोबांना बोलतं करायचं असेल तर विषय बदला. रोजगार हमीवरचं काम, गावात पहिली वीज, पहिली एस.टी., दुष्काळातली सुकडी. त्यावर ते तासन्‌तास बोलतील, आणि नववीच्या ‘बदलते जीवन’ला त्याहून चांगली सामग्री मिळणार नाही.

चवदार तळ्याचा तास

आठवीत समतेचा लढा येतो. हा पाठ छात्राध्यापकांना सर्वांत अवघड जातो आणि त्याची तयारी स्वतंत्र घ्यायला हवी. भीतीपोटी काही जण तो इतका पुसट शिकवतात की, कुणी कुणाला पाणी नाकारलं, तेच कळत नाही. काही जण भाषण ठोकतात. दोन्हीनं वर्गातली मुलं अवघडतात.

घटनाक्रम फळ्यावर उभा लिहायला लावा. १९२३ : मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ : महाड नगरपालिका आपलं तळं खुलं करते. २० मार्च १९२७ : डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी पितात. १९३७ : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, तळं सार्वजनिक. आता प्रश्न : १९२४ लाच तळं कागदोपत्री खुलं झालं होतं, मग १९२७ ला चालत का जावं लागलं? आणि पाणी पिऊन झाल्यावरही निकालाला आणखी दहा वर्षं का लागली? एवढ्यावर सबंध तास जातो. कायदा होणं आणि तो अमलात येणं यातलं अंतर मुलं स्वतः मोजतात.

तीन गोष्टी मी सक्त मना करते. एखाद्या मुलाकडं पाहून ‘तुझ्या घरचा अनुभव सांग’ म्हणायचं नाही. जातींच्या भूमिका वाटून नाटुकलं बसवायचं नाही. आणि ‘आता हे सगळं संपलं आहे’ असं वाक्य म्हणायचं नाही. ज्या मुलानं ते संपलेलं पाहिलेलं नाही, त्याचा शिक्षकावरचा विश्वास त्या क्षणी जातो. कुणी मूल आपणहून बोललं तर पूर्ण ऐकायचं, वर्गानंही ऐकायचं, आणि तास संपल्यावर त्या मुलाला एकटं गाठून विचारपूस करायची.

निरीक्षण वहीत काय लिहावं

‘फलकलेखन सुधारा’, ‘आवाजात चढउतार हवा’, ‘प्रस्तावना छान’. आपल्या निरीक्षण वह्या अशा शेऱ्यांनी भरलेल्या आहेत. त्यातून कुणी काही शिकत नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडं छात्राध्यापकानं विचारलेला प्रत्येक प्रश्न, शब्दन्‌शब्द. उजवीकडं मुलांनी दिलेलं उत्तर, तेही त्यांच्याच शब्दांत. बस्स. तास संपल्यावर वही त्याच्याच हातात द्या आणि केव्हा-कुठं-कोणी या प्रश्नांभोवती एक खूण, कसं-का-कशावरून या प्रश्नांभोवती दुसरी खूण करायला सांगा. पहिल्या पाठांत दुसरी खूण सापडत नाही. त्याला ते स्वतःला दिसतं, आपल्याला बोलावं लागत नाही. शेरा लिहायचा तो एकच, पुढच्या पाठात करून पाहण्याजोगा.

मूल्यमापनासाठीही फार सिद्धान्त नको. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची लेखी परीक्षा असते, तीत उताऱ्यावरचे प्रश्न येतात, सकारण स्पष्ट करा येतं. प्रत्येक छात्राध्यापकाकडून एक उतारा-प्रश्न तयार करून घ्या, पाठ्यपुस्तकाबाहेरच्या साधनावरचा. अट अशी की, उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवून उत्तर मिळता कामा नये. पाच प्रश्नांतले चार पहिल्या खेपेला बाद होतात. परत लिहायला लावा.

आंतरवासितेबद्दल, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामाबद्दल, एवढंच. एनसीटीई या अध्यापक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे आहेत, त्यांतले सोळा दुसऱ्या वर्षात. पुष्कळ शाळा आपल्या छात्राध्यापकांना ऑफ तासांवर, परीक्षेच्या पहाऱ्यावर आणि स्नेहसंमेलनावर लावतात. जूनच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटा आणि एकच मागणं मागा : इतिहासाचा एक संपूर्ण घटक, एकाच तुकडीवर, सुरुवातीपासून चाचणीपर्यंत. इकडं एक, तिकडं एक अशा सुट्या पाठांत छात्राध्यापकाला मुलांची नावंसुद्धा कळत नाहीत, मग त्यांच्या उत्तरांत फरक पडला की नाही, हे कुठून कळणार? बहुतेक मुख्याध्यापक तयार होतात, कारण त्यांच्या शिक्षकाचा तेवढा भार हलका होतो. त्या शिक्षकांनाही पहिल्या दिवशी चहाला बोलावून समासातल्या प्रश्नाबद्दल सांगा, म्हणजे मधेच ‘हे काय चालवलंय’ असं होत नाही.

अंतिम पाठाच्या तोंडी परीक्षेला मी दोनच प्रश्न ठेवते. या पाठात पाठ्यपुस्तकाबाहेरचं कोणतं साधन वापरलंस आणि ते कुठून मिळवलंस? आणि त्या साधनातून जे कळत नाही, ते काय? दुसऱ्या प्रश्नाला गुण जास्त ठेवा, आणि ते तसे ठेवले आहेत हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका.